अरांचा : काट्यांचं गाव, लाडाचं नाव

१९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये स्टेफी ग्राफला अंतिम सामन्यात हरवणारी सतरा वर्षांची अरांचा सांचेझ व्हिकारिओ टेनिसप्रेमींना आठवत असेल. ती जन्मली बार्सिलोनात. तिचं नाव मात्र उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशाचं. ‘अरांचा’ हे ‘अरांत्सासु’चं लाडकं रूप आणि अरांत्सासु हे मुळात एका डोंगराळ जागेचं नाव.

गिपुस्कोआ प्रांतातल्या ओन्यातीजवळ हे तीर्थक्षेत्र आहे. आख्यायिका सांगते, की पंधराव्या शतकात रोद्रिगो दे बालत्सातेगी या मेंढपाळाला काटेरी झुडपात मेरीमातेची मूर्ती दिसली आणि तो उद्गारला, ‘अरांत्सान सु?’ म्हणजे ‘काट्यांत, आणि तू?’ ‘अरांत्सा’ म्हणजे काटा, ‘न’ हा सप्तमीचा प्रत्यय आणि ‘सु’ म्हणजे तू.

गोष्ट गोड आहे, पण भाषाशास्त्र तिला लोकव्युत्पत्ती म्हणतं. शेवटचा ‘सु’ हे सर्वनाम नसून एखाद्या गोष्टीची विपुलता दाखवणारा जुना प्रत्यय आहे. पडताळा शेजारच्या आलावा प्रांतात मिळतो. तिथल्या एका गावाचं नाव ओतासु. ‘ओते’ हे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. तिथे ना मूर्ती, ना मेंढपाळ, तरी प्रत्यय तोच. तेव्हा अरांत्सासु म्हणजे काट्याकुट्यांची जागा, एवढंच.

मग ‘अरांचा’तला ‘चा’ कुठून आला? मराठी माणसाला हे चटकन कळेल. ‘अरांत्सा’तला ‘त्स’ आपल्या ‘चाक’मधल्या ‘च’च्या जवळचा, तर ‘अरांचा’तला ‘च’ हा ‘चहा’तला. लाडाने किंवा लहानपण दाखवायला असे उच्चार टाळूकडे सरकवणं ही बास्कची जुनी रीत आहे. ‘साकुर’ म्हणजे मोठा कुत्रा. त्याच्यापासून झालेला ‘चाकुर’ मुळात छोटा कुत्रा, आता कुठलाही.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, १९३८ च्या आदेशाने, जन्मनोंदणीत बास्क नावांना बंदी आली. अरांत्सासु हे मेरीमातेचंही नाव असल्याने स्पॅनिश वळणाने का होईना, नोंदवता येई. घरी मात्र हाक ‘अरांचा’च. १९७७ च्या कायद्याने बास्क नावांची वाट मोकळी झाली. त्याआधीच, १९६८ मध्ये, बास्क भाषा अकादमीने याच अरांत्सासुला बैठक घेऊन प्रमाणभाषेचा पाया घातला होता.

इत्सियार, आइनोआ, लेइरे ही मुलींची नावंही अशाच मेरीस्थानांवरून आली आहेत. त्यांचा अर्थ शोधताना शब्दकोशाआधी नकाशा उघडलेला बरा.