सुमेरियन लोक आले कुठून?

इराकच्या दक्षिणेला, तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या इराणच्या आखाताकडे जाताना ज्या सपाट गाळाच्या मैदानातून वाहतात, तिथे इ. स. पू. चौथ्या सहस्रकात सुमेर संस्कृती बहराला आली. या मैदानात दगड नाही, धातू नाही, तुळयांना पुरेल असे लाकूड नाही. पावसाच्या भरवशावर पीक घ्यावे तर तेवढा पाऊसही नाही. चिकणमाती, बोरू, मासे आणि नद्यांचे पाणी एवढ्याच भांडवलावर तिथे एरिडू, उरुक, उर, लगश, निप्पूर, उम्मा ही नगरे वसली. जगातले सर्वांत जुने म्हणून मान्य झालेले लेखन याच मातीत सापडले. सुमेरियन लोकांचे हिशेब, कायदे, स्तोत्रे, कोर्टातले निवाडे, शाळेतल्या पोरांचे गिरवलेले धडे आज वाचता येतात. त्यांच्या भाषेचे नाते मात्र जगातल्या कोणत्याही भाषेशी जुळवता आलेले नाही. हे लोक मूळचे कुठले, हा वाद त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे चालला आहे.

बॅबिलोन आणि असीरिया यांची नावे बायबलमुळे आणि ग्रीक लेखकांमुळे युरोपला माहीत होती. सुमेरची स्मृती मात्र पुसली गेली होती. तिचा शोध लागला तो खणताना नव्हे, वाचताना. 1827 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला उमेदवार म्हणून मुंबईला उतरलेला हेन्री रॉलिन्सन पुढे इराणमध्ये नेमला गेला. तिथे बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारियसने कोरवलेला त्रैभाषिक लेख त्याने जीव धोक्यात घालून उतरवून घेतला. त्या लेखामुळे कीलाकार लिपीचे कुलूप उघडले आणि बॅबिलोनियन भाषा वाचता येऊ लागली. ती अरबी-हिब्रूच्या सेमिटिक कुळातली निघाली. एडवर्ड हिंक्स या आयरिश धर्मगुरूला मात्र एक गोष्ट खटकत होती. चिन्ह ज्या वस्तूच्या चित्रातून घडले, त्या वस्तूच्या नावातून त्याचा उच्चार यायला हवा. तोंडाच्या चिन्हाचा उच्चार ‘का’, हाताच्या चिन्हाचा ‘शु’. सेमिटिक भाषेत तोंडाला आणि हाताला असे शब्दच नाहीत. म्हणजे ही लिपी दुसऱ्याच कुणी घडवली आणि सेमिटिक भाषकांनी ती उचलली, असा अंदाज हिंक्सने 1850 च्या सुमारास बांधला. एखाद्या विसरलेल्या समाजाचे अस्तित्व केवळ लिपीतल्या विसंगतीवरून ताडण्याची ही कामगिरी एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या बौद्धिक पराक्रमांत गणायला हवी.

निनेव्हे येथे असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात सापडलेल्या द्वैभाषिक शब्दसूचींनी हा अंदाज बळकट केला. ‘सुमेर आणि अक्कादचा राजा’ या जुन्या बिरुदावरून ज्यूल ओपेर्ट याने 1869 मध्ये त्या भाषेला सुमेरियन हे नाव दिले. तरी सगळ्यांना ते पटले नाही. पॅरिसचा विद्वान जोसेफ हालेव्ही 1874 पासून हिरिरीने सांगत राहिला की सुमेरियन नावाची भाषाच नव्हती, ती सेमिटिक पुरोहितांनी रचलेली गुप्त लिपी होती. 1877 मध्ये बसऱ्याचा फ्रेंच उपवाणिज्यदूत एर्नेस्त द सार्झेक याने तेल्लो येथे, म्हणजे प्राचीन गिर्सूत, खोदकाम सुरू केले. गुडिया या राजाचे काळ्या दगडातले पुतळे आणि मातीच्या हजारो लिखित पाट्या वर आल्या, तेव्हा हालेव्हीच्या बाजूने फारसे कुणी उरले नाही.

वाद मग दुसरीकडे वळला. हे लोक बाहेरून आले की तिथलेच? डोंगरावरून आले म्हणावे तर नगरातली उंच चौथऱ्यांची मंदिरे ही डोंगराची आठवण ठरवता येत होती. समुद्रातून आले म्हणावे तर बॅबिलोनचा पुरोहित बेरोसस याने इ. स. पू. तिसऱ्या शतकात लिहिलेली ओआनेसची कथा हाताशी होती. अर्धा मासा, अर्धा माणूस असलेला हा ओआनेस समुद्रातून वर येऊन माणसांना लेखन, शेती आणि नगररचना शिकवतो. खुद्द सुमेरियन वाङ्मय या बाबतीत काही मदत करत नाही. त्यांच्या राजावलीनुसार राजपद स्वर्गातून एरिडूत उतरले. प्रलयापूर्वी पाच नगरांत आठ राजांनी मिळून 2,41,200 वर्षे राज्य केले, असे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील मृत्तिकास्तंभावर लिहिलेले आहे. पूर्वज दूर देशाहून चालत आल्याची कथा त्यांच्या वाङ्मयात आढळत नाही. जगातल्या कितीतरी समाजांनी स्थलांतराच्या आठवणी जपल्या आहेत. त्या तुलनेत हे मौन लक्षात घेण्याजोगे आहे, मात्र त्याला पुरावा म्हणता येत नाही.

भाषाशास्त्रातून एक वजनदार तर्क पुढे आला. बेनो लांड्सबर्गर याने 1944 मध्ये दाखवले की नांगर, नांगऱ्या, सुतार, लोहार, चर्मकार या अर्थांचे सुमेरियन शब्द घडणीने सुमेरियन वाटत नाहीत. कित्येक नगरांची नावेही तशीच. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की शेती आणि कारागिरी उभारणारे लोक आधीचे होते आणि सुमेरियन भाषक त्यांच्यानंतर आले. पुढे कित्येक वर्षे हे पाठ्यपुस्तकी सत्य होते. गोन्झालो रुबियो याने 1999 मध्ये ही शब्दयादी पुन्हा तपासली, तेव्हा त्यातले काही शब्द सेमिटिक निघाले, काही देशोदेशी फिरणारे व्यापारी शब्द, काही सुमेरियनच असू शकणारे. एका सलग, लुप्त भाषेचा थर त्यातून सिद्ध होत नाही.

सुमेरियनचे नातलग शोधण्याचे प्रयत्न तर अगणित झाले. हंगेरियन, तुर्की, बास्क, द्राविडी या साऱ्यांशी तिची सोयरीक लावून पाहिली गेली. सुमेरियन ही प्रत्ययांवर प्रत्यय जोडत जाणारी भाषा आहे. सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ती वेगळा प्रत्यय लावते. मराठीतही ‘त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली’ असे म्हणताना कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्मामागे जाते. एवढ्यावरून मराठी आणि सुमेरियन बहिणी ठरत नाहीत. नाते ठरते ते मूळ शब्दांतल्या ध्वनींच्या नियमित जुळणीवरून, आणि तशी जुळणी कोणत्याच भाषेशी सापडलेली नाही. यात अचंबा वाटण्याचे कारण नाही. बास्क भाषाही आज एकाकी आहे. तिच्या बहिणी लिहिल्या जाण्यापूर्वीच मेल्या असाव्यात, आणि सुमेरियनच्या बाबतीतही तसेच घडले असणे सर्वांत संभवनीय आहे.

या रिकाम्या जागेत झकारिया सिचिन याने 1976 मध्ये परग्रहवासी आणून बसवले. त्याची पुस्तके जगभर खपली आणि ‘अनुन्नाकी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. सुमेरियन लेखांत अनुन्नाकी हे देवांच्या एका समूहाचे नाव आहे. अंतराळयान, दूरचा ग्रह, सोन्याच्या खाणीसाठी घडवलेला माणूस यांपैकी काहीही त्या लेखांत नाही. ज्यांनी चिखलात उभे राहून कालवे काढले त्यांचे श्रेय काढून घेणारी ही कल्पना आहे, म्हणून ती ठामपणे नाकारायला हवी.

जमिनीखालचा पुरावा पाहायचा तर एरिडूला जावे लागते. फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी 1946 ते 1949 या काळात तिथल्या अपुऱ्या राहिलेल्या झिगुरातखाली, म्हणजे मंदिराच्या उंच चौथऱ्याखाली, खणत नेले, तेव्हा एकाखाली एक अशा मंदिरांचे अठरा थर लागले. तळाजवळ जेमतेम तीन मीटरांची एक खोली होती, कोनाड्यात देवाचा ओटा आणि मध्ये नैवेद्याचा ओटा, त्यावर जळाल्याच्या खुणा. वरच्या थरांत हेच देऊळ वाढत वाढत तेवीस मीटर लांबीचे झाले. मांडणी तीच राहिली. अर्पण केलेल्या माशांची हाडे ढिगाने सापडली, आणि पुढच्या काळात एरिडूचा देव होता गोड्या पाण्याचा स्वामी एन्की. उबैद या नावाने ओळखला जाणारा हा काळ इ. स. पू. सहाव्या-पाचव्या सहस्रकातला आहे. लार्साजवळच्या तेल-अल-औइली येथे त्याहून जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले. तळापासून माथ्यापर्यंत कुठेही तुटलेपण नाही. हेन्री फ्रँकफोर्ट याने 1932 मध्येच मांडले होते की सुमेरियन संस्कृतीची मुळे दक्षिण इराकच्या आद्य वसाहतीपर्यंत जातात; एरिडूने त्याला बळ दिले. आक्षेप एवढाच उरतो की मडकी बोलत नाहीत. देऊळ तेच ठेवून गावाची भाषा बदलू शकते.

समुद्रमार्गे आगमनाची कल्पनाही नव्या रूपात परतली. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली होती आणि इराणचे आखात म्हणजे नद्यांचे कोरडे खोरे होते. समुद्र चढत गेला तसे तिथले लोक उत्तरेकडे सरकले असावेत, असे जेफ्री रोझ याने 2010 मध्ये सुचवले. तर्क आकर्षक आहे. आखाताच्या तळावरून त्याला आधार देणारी वस्ती मात्र मिळालेली नाही. किनाऱ्यावरचा पुरावा उलट दिशा दाखवतो. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, बहरीन आणि कतारमध्ये सापडलेली उबैद शैलीची मडकी मेसोपोटेमियातच, म्हणजे तैग्रिस-युफ्रेटिसच्या प्रदेशातच, घडली होती, हे मातीच्या परीक्षणातून कळले. कुवेतमध्ये त्याच काळातल्या बोरूच्या नावेला लावलेल्या डांबराचे तुकडे मिळाले. दक्षिण इराकचे लोक आखातात जात होते, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

इ. स. पू. 4000 च्या आसपास समुद्र आजच्यापेक्षा बराच आत होता आणि उर, एरिडू खाडीच्या व दलदलीच्या काठाला होती. लिवियू जिओसान आणि रीड गुडमन यांनी 2025 मध्ये मांडले की सुरुवातीची शेती भरतीच्या पाण्यावर चालत असावी. भरती दिवसातून दोनदा नदीचे गोडे पाणी मागे लोटते आणि आखूड चारीतून ते शेतात घेता येते. पुढे गाळाने समुद्र दूर लोटला, भरती पोहोचेना, तेव्हा मोठे कालवे आणि ते राबवणारी राजसत्ता आवश्यक झाली. इथल्या दलदलीत आजही राहणाऱ्या अरबांच्या जनुकांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा वारसा प्रामुख्याने मध्यपूर्वेतलाच निघाला, भारतीय उपखंडाचा अंश अल्प. हे लोक सुमेरियनांचेच वंशज, असे त्यावरून ठरत नाही. दूरदेशीच्या मोठ्या लोंढ्याची खूण मात्र त्यात दिसत नाही.

उरुक या नगराने इ. स. पू. 3200 च्या सुमारास 250 हेक्टरपर्यंत पसारा गाठला. तिथल्या एआन्ना परिसरात जर्मन उत्खननात सुमारे 5,000 आद्य पाट्या मिळाल्या. त्यांतल्या बहुतेक हिशेबाच्या: जव, मेंढ्या, बिअर, कापड, मजुरांचा शिधा. नगांना एक मोजणी, धान्याच्या मापाला दुसरी, जमिनीच्या क्षेत्रफळाला तिसरी. उरलेल्या पाट्यांवर धंद्यांच्या, झाडांच्या, भांड्यांच्या याद्या, कारकुनांना शिकवण्यासाठी. शिधा वाटायची तिरप्या काठाची ओबडधोबड वाडगी हजारोंनी सापडतात. राजांचा पराक्रम सांगण्यासाठी नव्हे, कोठारातले धान्य कुणाला किती गेले हे विसरू नये म्हणून माणूस लिहू लागला. या आद्य चिन्हांमागची भाषा सुमेरियनच होती का, यावरही रॉबर्ट इंग्लंड यांच्यासारख्या तज्ज्ञाने शंका घेतली आहे. खात्रीचा धागा थोड्या नंतरच्या जेम्देत नस्र काळात मिळतो. ‘जीवन’ या अर्थी तिथे बाणाचे चित्र काढले आहे, कारण सुमेरियनमध्ये दोन्हींचा उच्चार ‘ती’.

अबू सलाबिख येथील इ. स. पू. 2500 च्या आसपासच्या पाट्यांनी आणखी एक समज मोडला. सुमेरियन ग्रंथ उतरवणाऱ्या तिथल्या लेखनिकांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांची नावे सेमिटिक आहेत. म्हणजे दोन भाषांचे लोक शेजारी नांदत होते, एकाच शाळेत शिकत होते. जेते आणि जित अशा दोन वंशांचे चित्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी रंगवले गेले, ते त्या काळच्या युरोपातल्या वंशकल्पनांतून आले होते. सुमेरियन ही ओळख कुठून तयार होऊन आली नसून पाणथळ जमिनीवर, अनेक बोलींच्या माणसांतून तिथेच घडली, हे म्हणणे आज उपलब्ध पुराव्याशी सर्वाधिक जुळते.

तिथेच घडलेल्या या समाजाचे बाहेरचे संबंध मात्र दूरवर पोहोचले होते. लेनर्ड वूली याने 1922 ते 1934 या काळात उर खणले. तिथल्या सुमारे 1,850 दफनांपैकी सोळा राजेशाही होती. राणी पुआबीच्या डोक्यावर सोन्याच्या पानांचा साज होता. ‘महामृत्युखड्डा’ असे नाव मिळालेल्या एका खड्ड्यात 74 सेवक, बहुतेक स्त्रिया, ओळीने पडले होते. त्यांच्या अंगावरचे निळे लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानचे आणि लाल अकीक सिंधू संस्कृतीच्या प्रदेशातला. ज्या मैदानात खडाही मिळत नाही तिथे हे सारे लोकर, कापड आणि धान्याच्या बदल्यात आले. सिंधू प्रदेशाला हे लोक बहुधा ‘मेलुहा’ म्हणत; मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे अक्कादचा राजा सारगॉन अभिमानाने सांगतो. शु-इलिशु या मेलुहाच्या दुभाष्याची मुद्रा लुव्र संग्रहालयात आहे.

या नगरांत आपसांत मात्र एकी नव्हती. लगश आणि उम्मा शेताच्या आणि पाण्याच्या हद्दीवरून पिढ्यानपिढ्या लढली. इ. स. पू. 2334 च्या सुमारास सारगॉनने सगळी नगरे एका छत्राखाली आणली. त्याची मुलगी एन्हेदुआन्ना उरची प्रमुख पुरोहित झाली आणि तिच्या नावे असलेली स्तोत्रे सुमेरियनमध्ये आहेत. अक्कादच्या पतनानंतर उर-नम्मूने इ. स. पू. 2112 मध्ये उरचे राज्य पुन्हा उभारले. त्याच्या नावाने ओळखली जाणारी कायदेसंहिता ज्ञात संहितांत सर्वांत जुनी आहे आणि तीत इजेला बहुधा चांदीचा दंड आहे, अवयवाच्या बदल्यात अवयव नाही. अमोराइट टोळ्यांचा दाब, धान्याची टंचाई आणि तुटलेला कारभार यांनी हे राज्य पोखरले. शेतात साचलेल्या क्षारांनी उत्पन्न घटल्याचे जेकब्सन आणि अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी 1958 मध्ये मांडले; त्याच्या परिणामाविषयी मतभेद आहेत. इ. स. पू. 2004 मध्ये शेजारच्या एलाम राज्याच्या सैन्याने उर लुटले आणि शेवटचा राजा इब्बी-सिन याला कैद करून नेले.

बोलीभाषा म्हणून सुमेरियन त्या सुमारास किंवा थोडी आधीच संपली. शाळांतून आणि देवळांतून ती आणखी दोन हजार वर्षे शिकवली गेली. सेमिटिक भाषा बोलणारी मुले तिची रूपे पाठ करत, पुरोहित तिच्यात शोकगीते गात. बॅबिलोनच्या अखेरच्या पिढ्यांतल्या काही पाट्यांच्या एका बाजूला कीलाकार लिपीत सुमेरियन आणि सेमिटिक कुळातल्या अक्कादियन भाषेतला मजकूर आहे, दुसऱ्या बाजूला त्याचेच उच्चार ग्रीक अक्षरांत. कीलाकार लिपीतला काळ निश्चित करता येणारा शेवटचा लेख खगोलशास्त्राचा असून तो इ. स. 75 च्या आसपासचा आहे.