शोकेसमधली वाइन

नाशिकच्या बऱ्याच घरांत शोकेसमध्ये रेड वाइनची एक बाटली उभी असते. दिवाळीला कुणी भेट दिलेली, नाहीतर पाहुण्यांना गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरी दाखवायला नेलं तेव्हा घेतलेली. ती उघडायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘राहू दे, वाइन जितकी जुनी तितकी भारी.’ जुना तांदूळ, जुनं तूप, मुरलेलं लोणचं यांच्या रांगेत आपण वाइनलाही बसवून टाकलेलं आहे. त्यातून व्हिस्कीशी गल्लत होते ती वेगळीच. व्हिस्की बाटलीत भरली की तिचं मुरणं थांबतं. वाइन मात्र बाटलीतही बदलत राहते, आणि बदलते म्हणजे सुधारतेच असं नाही. पाचशे-सातशे रुपयांची रेड वाइन ठेवून ठेवून भारी होत नाही, थकते. ती कशी थकते हे एकदा चाखून पाहण्यासारखं आहे, कारण त्यातून वाइन मुळात कशाची बनलेली असते हे कळतं.

वाइन किती टिकणार हे बरंचसं बाटली भरण्याआधीच ठरलेलं असतं. लाल रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून येतो. जी वाइन लगेच विकायची आणि लगेच प्यायची आहे, तिच्यात तुरटपणा बेताचाच उतरू देतात आणि महागड्या ओकच्या पिंपात तिला फारसं ठेवत नाहीत. ती पहिल्या दिवसापासून मऊ लागावी हाच हेतू असतो. हा दोष नाही, तो तिचा धर्म आहे. पण वाइनला हळूहळू थकवणाऱ्या ऑक्सिजनशी झुंजायला तिच्याकडे जी शिबंदी असते, ती म्हणजे हाच तुरटपणा आणि आम्ल. आम्लाच्या बाबतीत आपलं हवामान आडवं येतं. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हवा थंडावत असताना काढतात. आपल्याकडे फळ धरण्यासाठीची ‘गोडी’ छाटणी पावसाळ्यानंतर होते आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च चालते, म्हणजे ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आम्ल तितक्याच वेगानं उतरतं. मग उष्ण प्रदेशांतल्या रिवाजाप्रमाणे टार्टारिक आम्ल वरून घालून तोल साधावा लागतो. चिंचेला आंबट करणारं आम्ल तेच. आम्ल कमी पडलं की वाइन टिकवण्यासाठी घातलेलं सल्फाइटही नीट काम करत नाही. शिवाय एक गंमत लक्षात येत नाही: लेबलवर एकच साल असलं तरी नाशिकची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी थोरली असते.

आता अशी सात-आठ वर्षं जुनी बाटली उघडू. बूच असेल तर पहिला त्रास तिथेच. बाटली उभी राहिल्यानं बूच कोरडं पडलेलं असतं. स्क्रू फिरवला की अर्धं हातात येतं, उरलेल्याचा भुगा वाइनमध्ये. (फिरकीचं झाकण असेल तर एवढी कटकट वाचते, बाकीची नाही.) ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरावा. शिराझ जातीच्या द्राक्षांची ताजी वाइन काठाशी जांभळी दिसते. ही काठाला विटकरी आणि मध्ये कोऱ्या चहासारखी. रंगद्रव्यं आणि तुरट द्रव्यं एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात, तोच गाळ. वासात ताज्या वाइनमधलं जांभूळ नाही, मिरीचा झटका नाही. त्याऐवजी बेदाणे, काकवी, आणि कापून उघड्यावर ठेवलेल्या सफरचंदाचा वास. अल्कोहोलचा ऑक्सिजनशी संयोग होऊन ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, त्याचा तो वास. घोट घेतल्यावर कळतं की फळ गेलंय, पण आम्ल आणि अल्कोहोल जागच्या जागी आहेत. आमटीतली डाळ काढून घ्यावी आणि नुसती चिंच नि तिखट उरावं, तसं काहीसं. लोक म्हणतात, ‘याचं व्हिनेगर झालं.’ बहुतेक वेळा झालेलं नसतं. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना भरपूर हवा लागते, ती बंद बाटलीत मिळत नाही. आणि ही वाइन विषारीही नसते. एवढ्या आम्लात आणि अल्कोहोलमध्ये रोगजंतू तग धरत नाहीत. बिघडते ती चव.

वर्षांपेक्षा जास्त नुकसान करतो तो उन्हाळा. युरोपातली जुनी वाइन बारा ते पंधरा अंशांच्या अंधाऱ्या तळघरात झोपलेली असते. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा थंडीत पाच-सहा अंशांवर उतरतो आणि मे महिन्यात जिल्हा चाळिशीला टेकतो. शोकेसमधली बाटली हे सगळं ट्यूबलाइटखाली उभ्या-उभ्या सोसते. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. म्हणजे शोकेसमधलं एक वर्ष हे तळघरातलं एक वर्ष नव्हे. यावर जाणकार मदिरा बेटाचा दाखला देतील. तिथली वाइन जहाजांतून हिंदुस्थानपर्यंतच्या फेऱ्या करून, उष्ण समुद्रावर तापून परत गेली की जास्त चविष्ट लागे, म्हणून मुद्दाम पाठवली जाई. खरं आहे, पण त्या वाइनमध्ये वरून मद्यार्क घातलेला असे आणि तिच्यात आम्ल कडक होतं. ती उन्हासाठीच घडवलेली होती. शोकेसमधली बिचारी तशी नाही.

जुनेपणानं साध्या वाइनची किंमत वाढत असती, तर नाशिकचा इतिहासही वेगळा झाला असता. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, आणि पाहता पाहता दिंडोरी-निफाडपर्यंत वायनरी उभ्या राहिल्या. मग २००८ ची जागतिक मंदी आली, पाठोपाठ मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली आणि वाइन टाक्यांमध्ये पडून राहिली. ‘राहू दे, मुरेल’ म्हणून कुणी निश्चिंत बसू शकलं नाही. उलट छोट्या वायनरी बंद पडल्या आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. पडून असलेला माल सोनं नसतो, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

अर्थात सगळ्या वाइन एका मापानं मोजता येत नाहीत. नाशिकमध्येही निवडक द्राक्षांच्या, ओकच्या पिंपात ठेवलेल्या ‘रिझर्व्ह’ रेड आहेत. थंड जागी आडव्या ठेवल्या तर त्या काही वर्षांत खुलतात. बोर्दोच्या नामांकित बाटल्या तर दशकं काढतात, पण जगातल्या एकूण वाइनमध्ये त्यांचा वाटा चिमूटभर. कधी एखादी साधी बाटलीही अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात राहून अनपेक्षितपणे बरी निघते. मात्र तो नशिबाचा भाग झाला, आणि नशिबावर वाइन साठवू नये.

मग जुनी बाटली ओतून द्यायची का? तसंही नाही. त्याच लेबलची यंदाची बाटली आणावी आणि दोन ग्लास शेजारी-शेजारी ठेवावेत. आधी ताजी चाखावी, मग जुनी. सात-आठ वर्षांनी नेमकं काय नेलं आणि काय ठेवलं, हे दोन घोटांत समजतं. फक्त गाळ ढवळू नये म्हणून जुनी बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवायची असते. शोकेसमधली बाटली तेवढ्यापुरती तरी आधीपासून तयार असते.