छायाचित्रणाचें भिंग कसें पारखावें?

गेल्या स्नेहसंमेलनानंतर खराडींतील एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या मुलानें संमेलनांतील नृत्यांचीं शंभरांवर छायाचित्रें काढिलीं होतीं, परंतु बहुतेक सारीं पुसट आलीं. मुलाचें म्हणणें असें कीं, दोष आपला नसून भिंगाचा आहे, आणि दुकानांत पाहिलेलें मोठें भिंग घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. किंमत ऐकून वडील हप्त्यांचा हिशेब मांडूं लागले होते. "सर, यासाठीं कर्ज काढावें काय?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. आम्हीं त्यांस जें उत्तर दिलें तें इतर पालकांच्याही उपयोगीं पडेल, म्हणून तें येथें मांडीत आहों.

प्रथम कॅमेऱ्याविषयीं दोन शब्द. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत भिंगामागें एक तिरपा आरसा असे. तो दृश्य वर वळवून डोळ्यापर्यंत पोंचवी व कळ दाबतांच उचलला जाई. आरशास जागा हवी म्हणून निकॉनच्या १९५९ सालच्या एफ पद्धतींत भिंगाची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर ठेविलेली होती. पुढें २००८ सालीं पॅनासॉनिकनें भिंगें बदलतां येणारा, पण आरसा नसलेला जी-१ हा कॅमेरा काढिला. अशा कॅमेऱ्यांस मिररलेस म्हणतात. निकॉनच्या २०१८ सालच्या झेड पद्धतींत तें अंतर केवळ १६ मिलिमीटर आहे. याचा लाभ असा कीं, घरांत जुनें भिंग पडलेलें असेल तर मध्यें योग्य कडें बसवून तें नव्या कॅमेऱ्यास पुष्कळदां जोडतां येतें. कांहीं भिंगांचा फोकस मात्र हातानें साधावा लागतो.

आतां भिंगाकडे वळूं. भिंगावर दोन आंकडे लिहिलेले असतात. पहिला मिलिमीटरांचा. तो लहान असेल तर दृश्याचा विस्तार अधिक येतो. मोठा असेल तर दूरची वस्तु जवळ भासते. दुसरा आंकडा एफ या अक्षरापुढचा. तो जितका लहान तितका भिंगाचा डोळा अधिक उघडतो व अधिक प्रकाश आंत येतो. प्रकाश या आंकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो, हें गणित आमच्या विद्यार्थ्यांस अवघड वाटूं नये.

त्या मुलाजवळ कॅननचा लहान सेन्सरचा कॅमेरा व त्याबरोबर मिळालेलें १८ ते ४५ मिलिमीटरचें झूम भिंग होतें. ४५ मिलिमीटरवर तें एफ ६.३ पेक्षां अधिक उघडत नाहीं. त्याच कंपनीचें ५० मिलिमीटरचें साधें भिंग एफ १.८ पर्यंत उघडतें. ६.३ ला १.८ नें भागून वर्ग केला तर सुमारें १२ येतात. म्हणजे प्रकाश बारा पट! जेथें झूम भिंगास सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेथें या भिंगास सव्वाशेवा भाग पुरतो. सेकंदाच्या दहाव्या भागांत नाचणाऱ्या मुलीचा हात केवढा तरी हलतो; पुसटपणाचें कारण हेंच.

दुकानांतलें मोठें भिंग ५० मिलिमीटरचेंच, पण एफ १.२ चें होतें. तें एफ १.८ च्या भिंगाहून सव्वादोन पट प्रकाश घेतें. भिंग उत्तम, यांत शंका नाहीं. परंतु त्याचें वजन ९५० ग्रॅम, तर साध्याचें १६०. आणि किंमत कित्येक पट. पहिल्या पायरीस बारा पट लाभ थोडक्या पैशांत होतो. दुसऱ्या पायरीस सव्वादोन पट लाभासाठीं कर्ज काढावें लागतें. आमचें उत्तर या एका वाक्यांत आलें.

इतर कंपन्यांचे कॅमेरे ज्यांच्याजवळ आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, आंकडे सारखे म्हणून भिंगें सारखीं नसतात. सोनीचें ५० मिलिमीटर एफ १.८ चें भिंग सहा कांचांचें व १८६ ग्रॅमांचें आहे. निकॉनच्या झेड पद्धतीचें त्याच आंकड्यांचें भिंग बारा कांचांचें व ४१५ ग्रॅमांचें आहे. अधिक कांचा कडांवरील दोष दूर करण्यासाठीं घातलेल्या असतात. ज्यास कोपऱ्यांपर्यंत रेखीवपणा हवा त्यानें तो भार सोसावा. ज्यास मुख्यतः चेहरे टिपावयाचे त्यास त्याची तितकी निकड नाहीं.

घरच्या घरीं परीक्षाही करतां येते. वर्तमानपत्राचें पान भिंतीवर सपाट चिकटवावें. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून एकदां डोळा पूर्ण उघडून व एकदां एफ ५.६ वर छायाचित्र घ्यावें. मग कोपऱ्यांतील अक्षरांचे अनुस्वार मोठे करून पाहावे. टिंब स्वच्छ दिसलें तर भिंग चांगलें. त्यास शेंपूट फुटलें तर कोपरा कच्चा. जुनें भिंग घेतांना त्यांतून विजेरीचा प्रकाश पाडून आंत बुरशीचें जाळें नाहीं ना, हें अवश्य पाहावें. पावसाळ्याच्या दमट हवेंत ती सहज धरते.

आम्हीं त्या मुलास आमचें स्वतःचें ५० मिलिमीटरचें भिंग आठ दिवसांसाठीं दिलें. सायंकाळच्या तालमींतील नृत्य या खेपेस स्वच्छ उतरलें. पण वर्गाच्या तीन रांगांचें छायाचित्र त्यानें एफ १.८ वरच घेतलें, आणि मागची रांग धूसर झाली! डोळा जितका उघडा तितकी स्पष्टतेची खोली कमी, हें तो त्या दिवशीं शिकला व पुढचें छायाचित्र त्यानें एफ ८ वर घेतलें. मुळामुठेच्या कांठावरील बगळे मात्र या भिंगांत ठिपक्यांएवढे येतात. त्यासाठीं ४०० मिलिमीटरचें भिंग पुण्यांत एका दिवसाच्या भाड्यानें आणावें; विकत घेण्याचें कारण नाहीं.

शेवटीं वडिलांनीं साधें भिंग जुन्या बाजारांत अनुस्वार पारखून घेतलें. हप्त्यांचा कागद फाडला गेला. बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरांत सहकाऱ्यांसह चलच्चित्रांचा कॅमेराच घडविला, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढें ठेविला. विद्यार्थी मित्रांनो, साधन मागण्यापूर्वीं हातचें साधन पुरतें ओळखा. आणि पालकहो, मुलानें महाग वस्तु मागितली तर रागावूं नका. तिचें गणित त्याच्याकडूनच करवून घ्या.