काढ्यांत हरवलेला गुण

वनौषधींतून नवें औषध शोधावयाचें म्हणजे योग्य झाड सांपडलें कीं काम झालें, असा सामान्य समज आहे. वस्तुतः झाड हातीं असूनहि त्याचा गुण हातीं लागत नाहीं असें पुष्कळदां घडतें. हिंवतापावरील एका औषधाची कथा याची उत्तम साक्ष देते.

१९६० च्या सुमारास आग्नेय आशियांतील हिंवतापाचे जंतु क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले. व्हिएतनामच्या युद्धांत हा ताप सैनिकांचा मोठाच वैरी ठरला. उत्तर व्हिएतनामच्या विनंतीवरून चीननें २३ मे १९६७ रोजीं नव्या औषधाचा शोध गुप्तपणें आरंभिला. १९६९ सालीं बीजिंग येथील संशोधिका श्रीमती तू यूयू यांच्याकडे त्या कामाचा कांहीं भार आला. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुने ग्रंथ चाळून आणि वैद्यांना विचारून २००० हून अधिक कृति जमविल्या. सुमारें २०० वनस्पतींचे ३८० अर्क करून ते उंदरांवर अजमाविले. त्यांत आपल्या दवण्याच्याच जातींतील ‘छिंगहाव’ नांवाच्या रोपट्याच्या अर्कानें प्रथम आशा दाखविली. परंतु पुढच्या खेपेस तो गुण येईना.

तेव्हां श्रीमती तू पुनश्च पोथ्यांकडे वळल्या. चवथ्या शतकांतील गे हाँग या वैद्याच्या ग्रंथांत हें रोपटें पाण्यांत भिजवून, पिळून, तो रस प्यावा असें सांगितलें होतें. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेनें गुण नष्ट होत असावा, हें त्यांनीं ओळखलें. आयुर्वेदांतहि क्वाथ निराळा, स्वरस निराळा आणि थंड पाण्यांत भिजवून केलेला हिम निराळा. मग सुमारें ३५ अंशांवर उकळणाऱ्या ईथरमध्यें पाल्याचा अर्क काढण्यांत आला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजीं १९१ व्या नमुन्यानें उंदरांच्या रक्तांतील जंतु पूर्णपणें नाहींसे केले.

परंतु उंदीर बरा झाला म्हणून तेंच औषध माणसास तडक देतां येत नाहीं. १९७२ सालीं श्रीमती तू व त्यांचे दोन सहकारी यांनीं तो अर्क आधीं स्वतः घेतला. अपाय झाला नाहीं, तेव्हां हैनान बेटावरील २१ रुग्णांस तो दिला, व त्यांचा ताप उतरला. त्याच वर्षीं शुद्ध स्फटिकरूप द्रव्य हातीं आलें. तेंच आर्टेमिसिनिन. त्याच्या रेणूंत प्राणवायूच्या दोन परमाणूंचा एक नाजूक दुवा असतो. हिंवतापाचा जंतु रक्तांतील तांबडें द्रव्य पचवितो. त्यांतील लोहाशीं गांठ पडतांच तो दुवा तुटतो, आणि त्यांतून निघणारे दाहक कण जंतूचाच घात करतात.

२०१५ सालीं श्रीमती तू यांस नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला. तथापि जंतु स्वस्थ बसलेला नाहीं. पश्चिम कंबोडियांत या औषधाचा प्रभाव मंदावल्याचें त्यापूर्वींच दिसून आलें होतें. म्हणूनच तें एकटें न देतां दुसऱ्या औषधाच्या जोडीनें देतात. ताप उतरतांच उरलेल्या गोळ्या फडताळांत ठेवून देणारा रुग्ण अर्धमेल्या जंतूस जीवदान देतो, आणि इतक्या सायासानें हातीं आलेला गुण पुन्हा हरवण्यास हातभार लावतो.