पेलाभर लाल वाइन आणि आपलं हृदय

मंडळी, नाशिककडच्या द्राक्षांची वाइन आता आपल्या राज्याला नवी राहिलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती मोठ्या किराणा दुकानांतून विकू द्यावी, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर वाद झाला. तो वाद आपण बाजूला ठेवू. पण वाइनचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानावर येतं : ‘रोज पेलाभर लाल वाइन हृदयाला चांगली.’ हे वाक्य आलं कुठून, आणि त्यात खरं किती, एवढंच आज पाहू.

प्रथम वाइन म्हणजे काय ते समजून घ्या. काळी द्राक्षे चिरडून सालीसकट आंबत ठेवतात. द्राक्षातली साखर खाऊन किण्व तिचा मद्यार्क बनवते, आणि सालीतला रंग व तुरटपणा रसात उतरतो. ही झाली लाल वाइन. पांढरी वाइन करताना साली आधीच काढून टाकतात. म्हणजे लाल वाइनचं जे काही वेगळेपण आहे ते सालीचं; मद्यार्क दोन्हींत तोच.

आता हृदयाची गोष्ट. फ्रान्समधील लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी तिथे हृदयविकाराने होणारे मृत्यू इतर पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी दिसत. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने याचं श्रेय लाल वाइनला दिलं, आणि तिथे तिचा खप एकदम वाढला. पुढच्याच वर्षी सेर्ज रनो व मिशेल द लोर्जेरिल या फ्रेंच संशोधकांचा या विषयावरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तेव्हापासून ही समजूत जगभर पसरली.

मग शास्त्रज्ञ सालीतल्या औषधी द्रव्याच्या शोधाला लागले. रेस्व्हेराट्रॉल नावाचं द्रव्य त्यांच्या नजरेत भरलं. प्रयोगशाळेत त्याचे काही चांगले गुण दिसले, हे खरं. पण प्रमाण पाहा. एक लिटर लाल वाइनमध्ये हे द्रव्य साधारण दोन मिलिग्रॅम असतं. माणसांवरच्या प्रयोगांत ते शेकडो मिलिग्रॅम देतात. ५०० मिलिग्रॅम मिळवायचं तर अडीचशे लिटर वाइन लागेल! इटलीतील किआंती हा वाइनचाच मुलूख. तिथल्या ६५ वर्षांवरील ७८३ लोकांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या शरीरात हे द्रव्य जास्त होतं ते अधिक जगले, असं काही आढळलं नाही.

‘पण थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसतात, त्याचं काय?’ असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हा भाग वर्गात जरूर सांगावा. समजा, गावात आपण पाहिलं की रोज शेतावर जाणारे ठणठणीत आहेत आणि दिवसभर बाजेवर असणारे खोकतात, कण्हतात. म्हणून बाजेमुळे आजार होतो, असं म्हणाल का? आजारी आहेत म्हणूनच तर ते बाजेवर आहेत! इथेही तसंच झालं. १९८८ मध्ये शेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,७३५ ब्रिटिश पुरुषांची पाहणी करून दाखवलं की, ‘न पिणाऱ्यां’त पूर्वी पिणारे आणि प्रकृती बिघडल्यामुळे सोडलेले पुष्कळ होते. अशांशी तुलना केली तर थोडी पिणारा निरोगी दिसणारच. शिवाय जेवताना बेताने वाइन घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी, शिकलेला, डॉक्टरकडे वेळेवर जाणारा असतो.

पूर्व आशियात काही लोकांना उपजतच मद्य सोसत नाही. चेहरा लाल होतो, मळमळतं. ते आपोआप कमी पितात. या उपजत फरकाचा आधार घेऊन चीनमध्ये पाच लाखांवर लोकांची पाहणी झाली. २०१९ मध्ये तिचा निष्कर्ष आला : थोड्या मद्याने पक्षाघात टळत नाही, उलट पिणं वाढेल तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

हृदयाबाबत तज्ज्ञांत अजून थोडाफार मतभेद आहे. कर्करोगाबाबत मात्र नाही. यकृतात मद्यार्काचं जे विषारी द्रव्य बनतं, ते पेशींना इजा करतं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं आणि स्त्रियांचे स्तन, इथल्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. १९८८ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला निश्चित कर्करोगकारक ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की, मद्याचं पूर्ण निर्धोक असं कोणतंही प्रमाण नाही. आणि ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे’, असं मानू नका. बारा टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो. ४५ मिलिलिटर कडक दारूतही तेवढाच.

मग करायचं काय? जो पीत नाही त्याने औषध म्हणून सुरुवात करू नये. जो घेतो त्याने जितकी कमी तितकी बरी, हे ध्यानात ठेवावं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी मद्य घेतलं तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर ते जिवावर बेतू शकतं. गरोदर स्त्रीने थेंबही घेऊ नये.

सालीचा गुण हवा असेल तर काळी द्राक्षे स्वच्छ धुऊन सालीसकट खा. जांभूळ आहे, शेंगदाणा आहे. तंबाखू सोडा, मीठ बेताने घ्या, वर्षातून एकदा रक्तदाब तपासून घ्या. हृदयाचं रक्षण याने होतं, आणि त्यासाठी बाटली उघडावी लागत नाही.