धाकटी पाती

हॉलिवूडचा जॉन वेन पडद्यावर घोडा फेकत होता, त्या काळात आमच्या कुर्डुवाडीकराला त्याच्यावाचून काही अडत नव्हते. आपला घोडेस्वार कोल्हापुरात तयार होता. आणि कोल्हापूर काही लांब नव्हते. १९२७पासून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडीहून थेट मिरजेला जात होती. (आता तिथे ब्रॉडगेज आहे. गाडी वेगात जाते, पण ती धुक्‌धुक् गेली!)

तो घोडेस्वार म्हणजे सूर्यकांत. मूळ नाव वामन मांढरे, जन्म १९२५चा. थोरले बंधू गोपाळ आधीच 'चंद्रकांत' म्हणून गाजलेले, तेव्हा धाकट्याचे 'सूर्यकांत' होणे ओघानेच आले. भालजी पेंढारकरांच्या 'बहिर्जी नाईक'मध्ये (१९४३) ते तरुण शिवाजी झाले. जॉन फोर्डने वेनला घडवले, तसेच भालजींनी या मुलाला. फरक एवढाच, की १९४८च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओच भस्मसात झाला आणि त्यांना तो पुन्हा उभारावा लागला. फोर्डवर अशी वेळ आली नाही.

भरदार छाती, खणखणीत आवाज, कमरेला तलवार. 'मोहित्यांची मंजुळा'सारख्या चित्रपटांतले हे रूप लोकांना इतके आवडले, की त्यापलीकडचा नट पुष्कळांना दिसलाच नाही. अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. त्यात दोघे भाऊ होते, पण बोलबाला झाला तो हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचा.

मला विचाराल तर सूर्यकांतांचे खरे काम 'साधी माणसं'मध्ये (१९६५) आहे. इथे ना घोडा, ना तलवार. ऐरणीपुढचा एक गरीब लोहार, आणि शेजारी जयश्रीबाई. संगीत 'आनंदघन' यांचे, म्हणजे खुद्द लताबाईंचे. चित्रपटाला राज्य पुरस्कारांची रास मिळाली. रेल्वेचा कारखाना असलेल्या आमच्या गावात भात्याची धग आणि घणाचा घाव कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. शिवाजीला लोकांनी मुजरा केला असेल, पण या लोहाराला त्यांनी आपल्यातला मानला.

आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'धाकटी पाती'. एवढे नाव कमावलेला माणूस, पण घरातली आपली जागा विसरला नाही. १९९९ साली सूर्यकांत गेले. थोरले चंद्रकांत तेव्हा हयात होते. ते २००१ साली गेले.