थेंबे थेंबे इंजिन जळे!

दिवाळी झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या ट्रकांची वर्दळ सुरू होते. शेतातून राईस मिलला, मिलमधून गोदामाला आणि पुढे कोहमारा-देवरीच्या हायवेने (जुना सहा नंबर, आताचा ५३) बाहेरगावी. थंडीही याच दिवसांत पडते. विदर्भातल्या सर्वात थंड गावांच्या यादीत गोंदियाचं नाव पेपरात हमखास येतं. अशा सकाळी उभ्या ट्रकखाली हिरवट पाण्याचं छोटंसं डबकं दिसतं. ड्रायव्हर म्हणतो, "थोडंसं गळते, गाडी गरम झाली की आपोआप बंद होते." आणि गंमत म्हणजे ते खरंच बंद होतं! मग यात काळजी करण्यासारखं काय आहे?

आधी रचना समजून घेऊ. इंजिनमधून फिरणारं गरम कूलंट रेडिएटरमध्ये थंड होतं. त्यातला थोडा भाग दोन बारीक रबरी होजमधून केबिनच्या हीटरकडे जातो. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, मागे पंखा लावलेला. धुक्यात काचेवरची वाफ घालवायला तो फार उपयोगी पडतो. ज्या गाडीत हीटर नाही, तिथे इंजिनवरची ही दोन तोंडं बूच लावून बंद करतात किंवा होजच्या एका तुकड्याने जोडून टाकतात. म्हणजे हीटर असो वा नसो, गळायची जागा आहेच.

आता थंडीतच का गळतं ते पाहू. रबर धातूपेक्षा जास्त प्रसरण पावतं. गरम झालेला होज क्लिपच्या आत फुगतो, पण क्लिप त्याला जागा देत नाही. असं रोज दाबलं जाऊन रबर कायमचं चपटं होतं. रात्री थंड झाल्यावर ते आकसतं, क्लिप आहे तिथेच राहते आणि केसाएवढी फट पडते. सकाळी गळती, दुपारी बंद! पण रोज पावशेर कूलंट गेलं तर एक दिवस हेडपर्यंत पाणीच पोचत नाही. मग गॅस्केट उडतं, हेड वाकतं आणि एका क्लिपच्या कामाऐवजी अख्खं इंजिन उघडावं लागतं. ऐन सीझनमध्ये गाडी उभी राहिली तर मालकाची ट्रिप जाते आणि ड्रायव्हरची रोजीसुद्धा.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. रेडिएटरच्या झाकणाखाली दाब असतो. वातावरणापेक्षा १ बार जास्त दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशाला उकळतं. गरम गाडीचं झाकण उघडलं की दाब एकदम जातो, पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि उकळता फवारा सरळ तोंडावर येतो. म्हणून नियम एकच: झाकणाला हात लावून चटका बसत नाही तोवर ते उघडायचं नाही. उशीर होऊ द्या, डोळे जाऊ देऊ नका.

आता दुरुस्ती. केबिन उचलली असेल तर तिचा लॉक लागला आहे ना, हे आधी बघा. पाणी वरून ओघळत येतं, म्हणून जिथे थेंब पडतो तिथेच गळती आहे असं समजू नका. सगळं कोरडं पुसा, इंजिन चालू करा आणि पहिला ओलावा कुठे येतो ते शोधा. वाळलेला पांढरा-हिरवा थर हीसुद्धा चांगली खूण आहे.

होज चिकटला असेल तर पेचकस घालून उचकू नका. हीटरची नळी पातळ असते, ती वाकली की नवीन हीटर! होज बदलायचाच असेल तर ब्लेडने उभा चिरून काढा. तो ठेवायचा असेल तर टोकाजवळ बोटांनी दाबून बघा. मऊ पडला असेल किंवा आतून भेगा जाणवत असतील तर बदला. फक्त टोक खराब असेल आणि लांबी पुरत असेल तर दोन-तीन सेंटिमीटर कापून परत बसवता येतो.

नळीवरचा गंज पॉलिश पेपरने साफ करा. होज सरकत नाही म्हणून ऑईल किंवा ग्रीस लावू नका, त्याने हे रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे. नळीच्या टोकाला एक उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे, वर नाही.

आणि क्लिप किती आवळायची? इथे आपलं गणित कामी येतं. १६ मिलिमीटरच्या होजचं क्षेत्रफळ साधारण २ चौरस सेंटिमीटर. १ बार दाबाला होज निसटवणारा जोर भरतो जेमतेम २ किलो! जोर एवढा कमी असताना पहिलवानकी कशाला? जास्त आवळलं की पट्टी रबर कापते. स्क्रूची ही क्लिप १९२१ मध्ये ल्युम्ली रॉबिन्सन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने पेटंट केली, आणि आजही तीच चालते. मात्र सकाळची गळती वारंवार होत असेल तर स्प्रिंगची क्लिप बरी. रबर आकसलं की तीही आकसते.

शेवटी कूलंट भरा, हीटरचा नॉब गरमवर ठेवा आणि थंड इंजिन झाकण काढून चालू करा. बुडबुडे थांबले की पातळी पूर्ण करून झाकण लावा. काही इंजिनांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो विसरू नका. एक फेरी मारून गाडी थंड झाल्यावर क्लिप परत तपासा. रस्त्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं हा इलाज फक्त गॅरेजपर्यंतचा!

सांडलेलं कूलंट मात्र तसंच सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल गोड असतं आणि विषारीसुद्धा. होस्टेलच्या मागची कुत्री ते आनंदाने चाटतील. माती टाकून भरून घ्या, जुनं कूलंट डब्यात बंद करा, आणि मगच हात धुवा.